भवानीनगर परिसराची ऊस-अर्थव्यवस्था

भवानीनगर हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील एक कारखाना-गाव आहे. ते बारामती–इंदापूर मार्गावर सणसर गावाजवळ वसले असून श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील नीरा डाव्या कालव्याखालील ऊस हा या परिसराच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. कालव्याचे पाणी, सहकार आणि शासनाने ठरवलेला ऊसदर या तीन आधारांवर ही अर्थव्यवस्था उभी आहे. मात्र येथील साखरेच्या भावावर दक्षिण अमेरिकेतील ब्राझील या देशातील उत्पादनाचाही परिणाम होतो. त्यामुळे या परिसराचा विचार आज ब्राझीलला वगळून पुरा होत नाही.

भूगोल

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातही खंड पडतो. परिसराच्या दक्षिण सीमेवरून नीरा नदी वाहते. भोरच्या डोंगराळ भागात उगम पावलेली ही नदी इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. बारामतीहून वाहणारी कऱ्हा नीरेची उपनदी आहे. इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व भागात उजनी धरणाचा जलाशय पसरलेला आहे.

पाऊस अपुरा असला, तरी नीरेच्या उगमाकडील भागात तो भरपूर पडतो. भाटघर, वीर आणि नीरा देवघर ही धरणे ते पाणी साठवतात. सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या नीरा डाव्या कालव्याने ते पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांत येते. कालव्याच्या खालच्या बाजूस काळी, खोल जमीन व ऊस, तर वरच्या बाजूस माळरान, ज्वारी-बाजरी व मेंढपाळी असे दोन वेगळे प्रदेश काही किलोमीटरच्या अंतरात दिसतात. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग याच पट्ट्यातून जातो. काटेवाडी येथे मेंढ्यांचे रिंगण होते, सणसरला पालखीचा मुक्काम असतो आणि बेलवाडीला गोल रिंगण होते. बागायत व जिरायत या दोन्ही जीवनपद्धतींचे दर्शन या सोहळ्यात घडते.

इतिहास

१८७६-७८ च्या दुष्काळात मदतकार्य म्हणून नीरा कालव्याचे काम सुरू झाले. कालव्याचा मूळ हेतू ज्वारी-बाजरीसारख्या अन्नधान्य पिकांचे संरक्षण हा होता. प्रत्यक्षात पाऊसमान बरे असलेल्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत आणि दुष्काळी वर्षी सर्वांनाच ते हवे असे. या अडचणीवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी गटपद्धतीची योजना मांडली. तीनुसार ठरावीक गटांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी मिळू लागली. वर्षभर पाण्याची हमी असलेल्या जमिनीत ऊस हे अधिक फायद्याचे पीक ठरले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे नवे, मोठे धरण पूर्ण झाले आणि ऊसक्षेत्रास आणखी चालना मिळाली.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जकात बसवली व देशात कारखानदारी वाढली. त्याच दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात मोठी जमीन घेऊन साखर कारखाना उभारला. त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही तयार होऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग यशस्वी झाला. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा त्यात प्रमुख वाटा होता. त्याच दशकात नीरा खोऱ्यातही सहकारी कारखानदारी आली आणि भवानीनगरचा छत्रपती कारखाना उभा राहिला. आज परिसरात माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी शंकरराव पाटील व नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आहेत, तर खासगी कारखानेही उसासाठी स्पर्धा करतात.

१९६१ च्या जमीनधारणा कायद्याने बारमाही बागायती जमिनीची कमाल मर्यादा १८ एकर ठरवली. खासगी कारखान्यांचे मळे शासनाने ताब्यात घेतले व त्यांच्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. त्यामुळे ऊस पिकवणारा लहान शेतकरी हाच कारखान्याचा सभासद, ही रचना येथे रूढ झाली.

ब्राझील : त्याच पिकाचा वेगळा इतिहास

ब्राझील हा क्षेत्रफळाने दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठा देश असून त्याचा विस्तार सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख आहे. १५०० साली पेद्रो आल्वारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेथे पोहोचला. १५३२ साली मार्तिम आफोंसो दे सोसा याने साओ व्हिसेंत येथे वसाहत स्थापन केली व तेथे उसाची लागवड सुरू झाली. हाच दे सोसा पुढे १५४२ ते १५४५ या काळात गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर होता. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत ‘साखर’ आली, तर अरबीमार्गे पोर्तुगीजांचा साखरेसाठीचा शब्द तयार झाला.

ब्राझीलमधील ऊस मात्र लहान शेतकऱ्याचे पीक म्हणून वाढला नाही. पर्नांबुको व बाहिया येथील प्रचंड मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. १८२२ साली देश स्वतंत्र झाला, तरी गुलामगिरी १८८८ साली संपली. जमिनीचे मोठे तुकडे मात्र मोठ्या मालकांकडेच राहिले. आजच्या काळात दक्षिण-मध्य भागातील साओ पाउलो हे राज्य ऊस उत्पादनाचे केंद्र आहे. तेथे वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो व बहुतेक ऊस सिंचनाशिवाय, पावसावर येतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ साली ‘प्रोआल्कोल’ हा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व उसापासून इथेनॉल तयार करून ते वाहनांत वापरण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेल स्वस्त झाले, साखर महाग झाली आणि कारखाने साखरेकडे वळल्याने इथेनॉलची टंचाई निर्माण झाली. ग्राहकांचा या इंधनावरील विश्वास उडाला. २००३ साली पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी वाहने बाजारात आली, तेव्हा तो पुन्हा बसला. ऑगस्ट २०२५ पासून तेथे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण ३० टक्के करण्यात आले.

ऊसदराची रचना

भारतात केंद्र शासन दरवर्षी उसाचा रास्त व किफायतशीर दर जाहीर करते. तो ‘एफआरपी’ या नावाने परिचित आहे. २००९ साली ही पद्धत आली. गाळपास ऊस दिल्यापासून १४ दिवसांत ही रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हा दर साखर उताऱ्याशी जोडलेला असतो व त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडते.

२०१८-१९ च्या हंगामासाठी १० टक्के उताऱ्यास क्विंटलला २७५ रुपये दर होता. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्यास ३५५ रुपये ठरला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि २०२५ च्या गाळप हंगामाला सुरुवात होईपर्यंत तिच्यात वाढ झाली नाही. बाजारात साखर या किमतीहून अधिक दराने विकली जात असली, तरी कच्च्या मालाचा दर वाढता आणि पक्क्या मालाचा आधार स्थिर, या विसंगतीमुळे कारखान्यांना कर्ज काढून एफआरपी द्यावी लागते. सहकारी कारखान्याचे कर्ज हे अखेरीस सभासदांवरचेच ओझे असते.

साओ पाउलोमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘कॉन्सेकाना’ ही पद्धत रूढ आहे. ऊस उत्पादक व कारखानदार यांच्या संयुक्त मंडळाने ठरवलेल्या सूत्रानुसार उसातील शर्करेचे प्रमाण आणि साखर व इथेनॉलची विक्री किंमत यांवरून ऊसदर निघतो. भारतातही डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२ साली साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने २०१३ साली महसूल-वाटपाचा कायदाही केला. मात्र ब्राझीलच्या सूत्रात भाव पडल्यास शेतकऱ्यालाही झळ बसते. पाच-दहा एकरांच्या शेतकऱ्यास ती सोसणे कठीण असल्याने येथे एफआरपी हा किमान आधार कायम ठेवून त्यावरील नफ्याचे वाटप करण्याची पद्धत स्वीकारली गेली.

जागतिक बाजार व निर्यात

ब्राझील वर्षाला साधारण ४ कोटी टनांच्या आसपास साखर तयार करतो व जगाच्या साखर निर्यातीत त्याचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. ब्राझीलमधील कारखाने भाव पाहून साखर किंवा इथेनॉल यांपैकी एकाकडे झुकतात. तेथील मुख्य गाळप एप्रिल ते नोव्हेंबर या काळात, तर महाराष्ट्रातील गाळप साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात होते. म्हणून भवानीनगरची धुराडी पेटतात, तेव्हा ब्राझीलचा हंगाम कसा गेला हे जगाला कळून चुकलेले असते.

२०२१ साली ब्राझीलमध्ये दुष्काळ व हिमतुषार यांमुळे उत्पादन घटले. २०२१-२२ च्या हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली आणि त्याच हंगामात महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली. पुढच्याच काळात देशांतर्गत पुरवठ्याच्या काळजीने केंद्राने निर्यातीवर मर्यादा आणल्या. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांच्या निर्यातीस परवानगी मिळाली. जागतिक भाव चढे असताना दार बंद आणि भाव उतरल्यावर ते किलकिले, असा अनुभव उत्पादकांना आला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. डिसेंबर २०२१ मध्ये निर्णय भारताच्या विरोधात गेला व जानेवारी २०२२ मध्ये भारताने त्यावर अपील केले.

इथेनॉल धोरण

२०१८ नंतर केंद्राने बी-हेवी मळी व थेट उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यास प्रोत्साहन दिले. अनेक कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेची टंचाई टाळण्यासाठी उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले गेले. दरम्यान मका व तांदूळ यांपासूनच्या इथेनॉलचा वाटा उसाहून अधिक झाला. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, परंतु रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून लिटरला ६५.६१ रुपयांवरच राहिला.

ब्राझीलमध्ये साखर की इथेनॉल हा निर्णय कारखाना घेतो. भारतात तो बहुतांशी शासनाचा आदेश ठरवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली येथे भारत, ब्राझील व अमेरिका यांच्या पुढाकाराने जागतिक जैवइंधन आघाडी स्थापन झाली. मात्र ब्राझीलचे तंत्र घेताना तेथील लवचिकता आणि १९८९ च्या सुमाराचा टंचाईचा धडा ही दोन्ही विचारात घ्यावी लागतात.

पाणी, जमीन व श्रम

भवानीनगर व साओ पाउलो यांतील सर्वांत मोठा भेद पाण्याचा आहे. पाटपाण्यावरील आडसाली उसाला येथील वार्षिक पावसाच्या कितीतरी पट पाणी लागते. कालव्याच्या पाणीवाटपावरून नीरा डावा व उजवा कालवा यांच्या लाभक्षेत्रांत वाद होत आले आहेत. अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे कालव्याखालील अनेक जमिनी क्षारपड व चोपण झाल्या. भाडेवाढ वा भावघसरण एका हंगामात भरून निघू शकते, पण क्षारपड झालेली जमीन सुधारण्यास अनेक वर्षे व मोठा खर्च लागतो.

यावर उपायही याच परिसरात शोधले जात आहेत. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून कार्यरत आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. बारामतीच्या कृषी विकास संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उसाला पाणी व खत किती द्यावे, याचे प्रयोग हाती घेतले आहेत. ठिबक सिंचन व भूमिगत निचरा यांचाही प्रसार होत आहे.

श्रमाच्या बाबतीत साओ पाउलोने २००७ च्या करारानंतर ऊस जाळण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने बंद केली व तोडणी मुख्यतः यंत्रांकडे गेली. भवानीनगर परिसरात आजही बीड व लगतच्या दुष्काळी भागांतील टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि कोयत्याने तोडणी करतात. लहान व तुकड्यांच्या शेतात मोठे यंत्र चालवणे अवघड आहे. शिवाय यंत्र आल्यास या मजुरांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो.

मूल्यमापन

ब्राझीलची ऊस-अर्थव्यवस्था पाऊस, विस्तीर्ण जमीन व मोठी मालकी यांवर उभी आहे, तर भवानीनगरची कालवा, लहान धारणक्षेत्र व सहकार यांवर. त्यामुळे उत्पादनखर्च किंवा क्षेत्रवाढ यांत ब्राझीलशी स्पर्धा करणे या परिसरास शक्य नाही. तसा प्रयत्न पाणी व जमीन दोहोंवर ताण आणतो. ब्राझीलकडून घेण्याजोग्या गोष्टी दोन आहेत : उत्पन्नाशी जोडलेली पारदर्शक हिशेबपद्धती आणि दीर्घकाळ टिकणारे इंधनधोरण. ब्राझीलच्या मळ्यांना जे इतिहासाने दिले नाही, ते कारखान्यातील सभासदत्व नीरा खोऱ्यातील शेतकऱ्याकडे आहे. ऊसदर, कारखान्याचे कर्ज आणि पाण्याचा वापर यांविषयीचे निर्णय सभासदांच्या सभेत खुल्या हिशेबाने होतात किंवा नाही, यावरच या सभासदत्वाचे मोल अवलंबून आहे.