थेंबभर तेल, पण कोणते?

लग्नसराई तोंडावर आली की माधवनगर, बुधगाव, कवलापूर या पट्ट्यातील बँडवाल्यांच्या घरी पेट्या उघडल्या जातात. पावसाळाभर फडक्यात गुंडाळून ठेवलेला ट्रंपेट बाहेर निघतो. व्हॉल्व्ह दाबून पाहावा तर तो खाली जातो आणि खालीच बसतो! मग घरात तेलाची शोधाशोध सुरू होते. कोणी फणीशेजारची खोबरेलाची बाटली उचलतो, कोणी शिलाई मशीनचे तेल घालतो. यंत्रमागावर कामाला जाणारा तिथल्या बुधलीतून चार थेंब आणतो, तर एखादा रॉकेलवर काम भागवतो. काहीच हाताशी नसेल तर थुंकी आहेच. व्हॉल्व्ह सुटतो, सुपारी पार पडते आणि विषय तेवढ्यावर मिटतो.

आमच्या मते तो तेवढ्यावर मिटू नये. वाचक म्हणतील, घरगुती पानावर हा बँडवाल्यांचा विषय कशाला? त्याचे कारण असे की, आपल्या अनेक घरांची चूल या वाद्यांवर पेटते. दिवसा माग, हमाली नाही तर गवंडीकाम आणि संध्याकाळी अंगावर बँडचा ड्रेस, असे दुहेरी कष्ट करणारे बांधव आपल्या वस्तीत आहेत. लग्नाच्या वरातीत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तेच पुढे चालतात. ऐन मिरवणुकीत व्हॉल्व्ह अडकला की सूर चुकतो, लोक हसतात आणि रात्री हिशेबाला बसताना मास्तर पैसे कापतो. छातीचा भाता आपला, ओठ आपले. मग हत्याराची निगा नशिबावर का सोडायची?

आधी या व्हॉल्व्हचे काम समजून घेऊ. ट्रंपेट म्हणजे गुंडाळलेली एक लांब पितळी नळी. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. ट्रंपेटला तीन व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकात सायकलच्या पंपातील दट्ट्यासारखा एक पिस्टन असतो आणि त्याला आरपार भोके असतात. पिस्टन दाबला की हवा जवळच्या वाटेने न जाता जास्तीच्या नळीतून वळसा घेऊन जाते आणि सूर उतरतो. मधल्या व्हॉल्व्हने सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. या तिघांच्या जुळणीतून आणि ओठांच्या दाबातून सगळी गाणी निघतात. बोट उचलले की स्प्रिंगने पिस्टन क्षणात वर आला पाहिजे. तो अर्धा क्षण जरी रेंगाळला तरी पुढचा सूर बिघडला म्हणून समजा.

ही युक्ती शोधणारेही कष्टकरी वादकच होते, हे सांगायला आम्हांला आनंद वाटतो. जर्मनीतील स्टॉल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ साली बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. त्यांपैकी ब्ल्यूमेल हा खाणकामगारांच्या बँडमध्ये वाजवणारा होता. आज आपण वापरतो त्या घडणीचा पिस्टन त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी पॅरिसच्या पेरीने याने तयार केला. पुढे इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही वाद्ये आपल्या देशात आली आणि पलटणीतून वरातीत उतरली. मिरजेचे नाव सतार-तंबोऱ्यासाठी जगभर झाले. तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पितळी वाद्यांचे तसे गाव म्हणजे उत्तर प्रदेशातील मीरत. तेथील जाली कोठी भागात घरोघर ही वाद्ये घडतात. नादिर अली आणि कंपनी ही तेथील जुनी पेढी १८८५ सालची आहे.

आता तेलाकडे वळू. पिस्टन आणि त्याच्या बाहेरचे नळकांडे यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट असते. तेलाला तिथे तीन कामे करावी लागतात. पिस्टन घसरता ठेवणे हे पहिले. ती फट भरून हवा निसटू न देणे हे दुसरे. तोंडातून येणारा ओलावा धातूला चावू न देणे हे तिसरे. तेल जाड असेल तर पहिले काम होत नाही आणि फारच पातळ असेल तर दुसरे होत नाही. तेलाची निवड म्हणजे या दोहोंचा मेळ घालणे, दुसरे काही नाही.

या कसोटीवर घरातली तेले एकेक करून पाहू. खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. थंडीच्या दिवसांत बाटलीत त्याचा दगड होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मग डिसेंबरच्या रात्री निघालेल्या वरातीत ते व्हॉल्व्हमध्ये पातळ कसे राहील? करडई, शेंगदाणा, सूर्यफूल ही खाण्याची तेले हवेने हळूहळू चिकट होतात. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो पिवळा चिकट थर जमतो, तोच थर पिस्टनवर बसतो. जवसाचे तेल तर वाळते म्हणूनच रंगात घालतात. तेव्हा स्वयंपाकघरातील कोणतेच तेल व्हॉल्व्हला घालू नये.

शिलाई मशीनचे किंवा मागाचे तेल खनिज असते, ते असे चिकट होत नाही. पण ते लोखंडी दांडे आणि दात्यांसाठी केलेले असते. ट्रंपेटच्या पिस्टनला ते जाड पडते, बोट उचलल्यावर पिस्टन आळसाने वर येतो. संथ चालीत ते खपून जाते, पण नाचाच्या ठेक्यात उघडे पडते. रॉकेल याच्या उलट. ते पातळ असते, मळ सोडवते आणि पिस्टन लगेच पळतो. म्हणूनच जुन्या वादकांना त्याचा भरवसा वाटे. पण ते लवकर उडून जाते, मागे रक्षण करणारा थर राहत नाही, ओठांच्या कातडीला त्रास होतो आणि नाकाशी सतत वास राहतो. गंज सोडवायच्या फवाऱ्याचेही तेच. तो अडकलेला नट सोडवायला आहे, तोंडाला लावायच्या वाद्यात मारायला नव्हे. थुंकीने पिस्टन घटकाभर चालतो, पण तिच्यातील क्षार आणि अन्नाचे कण धातू खातात.

मग घ्यावे काय? वाद्यांच्या दुकानात 'व्हॉल्व्ह ऑइल' असेच मागावे. ते दोन जातींचे असते. एक साधे, खनिज तेलापासून शुद्ध केलेले. ते पातळ आणि स्वस्त, पण लवकर उडते. एप्रिल-मेच्या उन्हात तर पुन्हापुन्हा घालावे लागते. दुसरे सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेले. ते महाग, पण जास्त टिकते आणि त्याला वास कमी असतो. जो रोज वाजवतो त्याला साधे पुरते. ज्याचे वाद्य दोन सुपाऱ्यांमध्ये आठ-आठ दिवस पेटीत राहते त्याला सिंथेटिक बरे, कारण पेटीतही पिस्टनवरचा थर टिकून राहतो.

जातीइतकाच जाडीचाही विचार करावा. नव्या वाद्यात फट घट्ट असते, त्याला पातळ तेल. वर्षानुवर्षे वाजवून पिस्टन झिजलेल्या वाद्यातून हवा निसटते, त्याला थोडे जाड. यामाहासारखे कारखानदार लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज अशा तीन जाड्यांत तेल विकतात. त्यांतले व्हिंटेज हे जुन्या, सैल वाद्यांसाठी. आपल्या बांधवांकडची वाद्ये पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हातांतून आलेली असतात. अशा वाद्याला सर्वांत महागडे पातळ तेल घालून उपयोग नाही. वाद्य जुने की नवे, हे दुकानदाराला आधी सांगावे. रोटरी व्हॉल्व्हच्या वाद्याचे तेल वेगळे असते. नळ्यांच्या स्लाइडला तेल नव्हे, घट्ट ग्रीस लागते. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनला पिस्टनच नसतात, त्यामुळे हे तेल त्यांचे नव्हे.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. आमचा पेशा कारकुनी, म्हणून आकडा मांडून पाहू. बाटली साधारण ६० मिलिलिटरची येते. एका मिलिलिटरचे २५ थेंब धरले तर बाटलीत १,५०० थेंब झाले. एका व्हॉल्व्हला ५, म्हणजे तीन व्हॉल्व्हना रोजचे १५ थेंब. एका ट्रंपेटला एक बाटली १०० दिवस पुरली! दुकानातील किंमत शंभराने भागा आणि निघालेला आकडा एका दिवसाच्या तंबाखूच्या पुडीशी ताडून पाहा. महाग काय ते लगेच कळेल.

पण मळक्या पिस्टनवर उत्तम तेल घालणे म्हणजे न धुतलेल्या डोक्याला अत्तर लावणे. महिन्यातून एकदा तरी वाद्य खोलावे. प्रत्येक पिस्टनवर बहुधा १, २, ३ असा आकडा कोरलेला असतो. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या घरात घालू नये, म्हणून एका वेळी एकच काढावा. जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ तुकड्याने तो पुसावा. नळ्या कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून धुवाव्यात, कढत पाणी नको. पुसून वाळवून मग तेल घालावे आणि पिस्टन सरळ आत सोडून, थोडा फिरवून, आपल्या जागी बसवावा. साध्या तेलावरून सिंथेटिकवर यायचे असेल तर अशी धुलाई आधी करावीच, दोन तेले एकमेकांत मिसळू नयेत.

घरातील माता-भगिनींना इथे एक विनंती. पितळ म्हटले की चिंच, राख किंवा भांडी घासायची पावडर हाताशी येते. तांब्या-घागरीला ती ठीक. पिस्टनला मात्र ती कधीही लावू नये. त्याचा गुळगुळीतपणा एकदा गेला की कोणतेच तेल तो परत आणू शकत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओलावा साचून राहिला की जस्त निघून जाते आणि नळीवर तांबूस डाग पडतात. असा डाग दिसला तर घासत न बसता जाणत्या कारागिराला दाखवावे.

वाद्य स्वच्छ ठेवणे छातीसाठीही गरजेचे आहे. २०१० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका ट्रॉम्बोन वादकाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याला कित्येक वर्षे खोकला होता. शेवटी त्याच्या वाद्यात बुरशी आणि जंतू सापडले. वाद्य नियमाने साफ करू लागल्यावर त्याचा खोकला गेला. आपल्याकडे तर गोड चहा पिऊन, तोंडात पुडी धरून तसेच वाद्य ओठाला लावले जाते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी सरकारची आणि सवय आपली! निदान वाजवण्यापूर्वी चूळ तरी भरावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. व्हॉल्व्हचे तेल काय आणि रॉकेल काय, लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. पातळ तेल फुप्फुसात उतरते. म्हणून ते कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. चुकून मुलाने प्यालेच तर ओकारी काढायला लावू नये. ओकताना ते तेल छातीत जाण्याचा धोका वाढतो. बाटली बरोबर घेऊन मुलाला तडक दवाखान्यात न्यावे.

शेवटी दोन शब्द बँडमास्तरांना. वाद्य बँडचे असेल तर त्याच्या तेलाचा खर्चही बँडचा असला पाहिजे. गाडीचे डिझेल तुम्ही वादकाच्या मजुरीतून कापत नाही, मग तेल का कापता? सुपारी ठरवताना तेल-दुरुस्तीची वेगळी ओळ वहीत घाला आणि प्रत्येकाच्या पेटीत एक बाटली, एक फडके ठेवा. आणि वादक बांधवांनो, मास्तरकडे हे मागायला संकोचू नका. ती मेहेरबानी नव्हे. डी.जे.च्या भिंतींपुढे जिवंत माणसांचा बँड टिकवायचा असेल तर सूर स्वच्छ निघाला पाहिजे. तो स्वच्छ निघण्यासाठी जे लागते ते मागणे हा कारागिराचा हक्क आहे. या हंगामाची पहिली सुपारी घेण्यापूर्वी पेटी उघडा, पिस्टन पुसा आणि योग्य तेलाचे पाच थेंब घाला.