हिजानत आईची, नफका कुणाचा?

गिरणाकाठच्या भडगावात आमच्यातल्या कुणी उर्दू शाळेत शिकवतात, कुणी शिवणकाम करतात, कुणी कापूस वेचतात. पदरी तीन-चार वर्षांचे मूल. बाप वेगळा झालेला. समाज म्हणतो, ‘सब्र करा.’ सब्र आम्ही करतोच. पण सब्राने दूधवाल्याचे बिल फिटत नाही.

हनफी फिकहनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईच्या हिजानतीत राहतो आणि त्याचा खर्च बापाने द्यायचा असतो. यातले पहिले सर्वांना पाठ आहे. दुसरे जमातीच्या बैठकीत कुणी उच्चारत नाही. ‘शरियतमध्ये दखल नको’ म्हणणाऱ्यांनी आधी शरियत पाळावी! मुस्लिम बापाची ही जबाबदारी दोन वर्षांवर संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून खटल्यात १९९७ सालीच सांगितले. पण कोर्टाची प्रत्येक तारीख म्हणजे आमचा एक रोज बुडाला.

सरकारचेही तेच. शिक्षणहक्क सहाव्या वर्षापासून. अंगणवाडी आमच्या शाळेआधी सुटते. २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचे झाले, ते पन्नास कर्मचारी असतील तिथे. आमच्या शाळेत इतके शिक्षक कुठले?

शादीखान्यासाठी चंदा जमतो, मग पाळणाघरासाठी का नाही? निकाहनाम्यात मेहर लिहून घेणाऱ्या जमातीने तलाकनंतर मुलाचा नफकाही वहीत लिहावा आणि दरमहा वसूल करून द्यावा. निकाहाला साक्षीदार होतात, त्यांनी नफक्यालाही व्हावे.