आमची शांतिसेना

परवा सकाळी फिरून झाल्यावर आमच्या नेहमीच्या बाकावर अमेरिकेचा विषय निघाला. "त्या लोकांचं काही खरं नाही सर. आधी युद्धाला टाळ्या पिटतात अन् चार-पाच वर्षांनी चुकलंच म्हणतात," एकजण म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

तसं बघितलं तर बोलणं खोटं नाही. गॅलपच्या पाहणीत व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती असं ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोक म्हणत होते, मे १९७१ मध्ये ६१ टक्के. इराकच्या बाबतीत मार्च २००३ मध्ये २३ टक्के, एप्रिल २००८ मध्ये ६३. पण घरी येता येता मला वाटलं, त्यांना निदान कोणी पुन्हा पुन्हा विचारतं तरी. आपल्याला कोणी विचारलं? आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

मी बोलतोय ते श्रीलंकेबद्दल. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. मी तेव्हा नववी-दहावीला इतिहास शिकवायचो. फळ्यावर नकाशा काढून मुलांना पाल्कची सामुद्रधुनी दाखवली, आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ठासून सांगितलं, "महिन्याभरात आटोपेल बघा!" ऑक्टोबरात जाफन्याची लढाई सुरू झाली. ज्या तमिळांच्या रक्षणाला गेलो, त्यांच्यातल्याच वाघांशी लढायची वेळ आली. नोव्हेंबरात ८ महारचे मेजर परमेश्वरन पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शेवटची तुकडी परतली २४ मार्च १९९० ला. तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत म्हणून आम्ही इथे बसून केवढे चिडलो होतो!

आणि आम्ही स्वतः काय केलं? त्याच वर्षी माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. कामठीकडचा, शेवटच्या बाकावरचा, गणितात कच्चा. कसलासा दाखला हवा होता. मी विचारलं, "काय रे, सुट्टीवर का?" म्हणाला, "हो सर. श्रीलंकेत होतो." मी म्हणालो, "हो का? छान!" आणि तास होता म्हणून निघून गेलो.

माझं मत बदललंच नव्हतं मंडळी, ते नुसतं विरून गेलं होतं. व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेत सक्तीची भरती होती, युद्ध कोणाच्याही दारात येऊ शकत होतं. ती १९७३ मध्ये बंद झाली. पुढे अफगाणिस्तानातून निघायला त्यांना ऑगस्ट २०२१ उजाडला, वीस वर्षं लागली. आपल्याकडे तर सक्ती कधी नव्हतीच. ज्या घरचा मुलगा गेला, त्याच घरापुरतं ते युद्ध. बाकीच्यांना मत देणं फुकट आणि विसरणं त्याहून फुकट. म्हणून मत बदलणाऱ्यांना आता मला हसवत नाही. बदलायला आधी ते लक्षात ठेवावं लागतं.

कोलंबोजवळ आपल्या या जवानांचं स्मारक आहे, श्रीलंकेने बांधलेलं.

त्या विद्यार्थ्याचा नंबर त्याच्या वर्गातल्या एकाकडून मिळाला आहे. काल फोन केला. आवाज ओळखला त्याने. रविवारी कामठीला जातोय. सूनबाई म्हणते उन्हाचं जाऊ नका, तर सकाळच्या बसनेच जाईन.