सोया सॉस आणि ‘ज्याची त्याची आवड’

‘ज्याची त्याची आवड’ हे शब्द उच्चारले की वर्गातली चर्चा संपते, असा आमचा अनुभव आहे. कवितेच्या तासाला तर ते हमखास येतात. आवड ज्याची त्याची असते हे आम्हांला मान्यच आहे; परंतु आवडीच्या आधी वस्तूंमध्येच भेद असतो आणि तो सांगता येतो, एवढेच येथे मांडायचे आहे. उदाहरण जाणूनबुजून साहित्याबाहेरचे घेतो आहोत, सोया सॉसचे.

आपल्याकडे हा पदार्थ बहुतेकांना भेटला तो ‘चायनीज’च्या गाडीवर. त्यामुळे काळा, खारट द्रव यापलीकडे त्याची कल्पना सहसा जात नाही. जपानमध्ये मात्र त्याचे पाच प्रमाणित प्रकार आहेत. कोइकुची रोजच्या वापरातला. त्यात सोयाबीन आणि गहू साधारण निम्मे निम्मे. तामारीत गहू जवळजवळ नसतोच, म्हणून तो दाट आणि भरीव. शिरो याच्या उलट: बहुतांश गहू, रंग फिका सोनेरी, चव गोडसर. साइशिकोमीत मिठाच्या पाण्याऐवजी तयार सोया सॉसच घालून पुन्हा आंबवतात. आणि उसुकुची! तात्सुनो गावाशी नाते सांगणारा हा प्रकार दिसायला फिका, पण मीठ त्यात कोइकुचीहून अधिक. फिका रंग म्हणजे सौम्य चव, हा डोळ्यांनी केलेला निवाडा येथे साफ खोटा ठरतो. (साध्या शब्दकळेच्या गद्याला ‘सौम्य’ म्हणणाऱ्या समीक्षकांनी उसुकुची एकदा चाखावा.)

प्रतीचा भेद याहून वेगळा, आणि खरा वाद तेथेच आहे. पारंपरिक पद्धतीत वाफवलेले सोयाबीन व भाजून भरडलेला गहू यांवर कोजी ही बुरशी वाढवतात आणि ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरू देतात. शोदोशिमा बेटावर आजही हे लाकडी पिंपांत चालते. दुसरी पद्धत अशी: तेल काढलेल्या सोयाबीनची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवायची, सोडा घालून आम्ल मारायचे, वर मीठ, साखरेचा पाक आणि कॅरॅमलचा रंग. काम काही दिवसांत आटोपते. प्रथिने दोन्हीकडे फुटतात. इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये जिला ‘उमामी’ हे नाव दिले ती चवही दोन्हीकडे असते. नसतो तो गंध. यीस्ट आणि जिवाणू सावकाश जे घडवतात, ते आम्लाच्या उकळीत घडत नाही. म्हणूनच तो सॉस जिभेवर एकदम आदळतो आणि तसाच सरतो.

भरताने नाट्यशास्त्रात रस समजावताना अन्नाचाच दाखला घेतला: नाना व्यंजनांच्या संयोगातून सुमनस माणसाला मिळणारा आस्वाद. हे आम्ही दर वर्षी शिकवतो आणि पुढच्याच तासाला ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सुटतो.

अर्थात, आम्लाचा सॉस त्याज्यच, असे आमचे म्हणणे नाही. प्रखर आचेवर, लसूण-मिरची-व्हिनेगरच्या गर्दीत मुरलेल्या सॉसचा नाजूक गंध तसाही फारसा उरत नाही. तेथे महागडी बाटली ओतणे ही उधळपट्टी. कोणता सॉस कशासाठी, हा प्रश्नही परीक्षणाचाच भाग आहे.

आमच्यात एकमत झालेले नाही. एकीला तामारी जड वाटतो, दुसऱ्याला त्याच्यापुढे कोइकुची पातळ. परंतु ‘जड’ म्हणजे काय, असे विचारल्यावर ती आता गव्हाबद्दल बोलते: गहू नाही, म्हणून वरचा सुगंध कमी आणि खालचा भरीवपणा जास्त. दुसऱ्याला नेमका तोच भरीवपणा हवा आहे.