चाव्या मिळाल्या, वाटेचं काय?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, चाळीतून ४० मजली टॉवरमध्ये. आनंदाचीच गोष्ट. पण पुनर्विकासाची बोलणी होतात तेव्हा कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस यांवर रात्र रात्र खल चालतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवं घर सापडणार कसं, हे कोणी विचारत नाही.

वाट शिकण्याचं काम मुख्यतः मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग करतो. तिथल्या पेशी परिसराचा नकाशा मांडतात. त्यांच्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालं. वयाबरोबर नेमकं हेच काम मंदावतं. मग माणूस सगळा परिसर डोक्यात धरण्याऐवजी ‘गिरणीपाशी डावीकडे’ अशा वळणांवर विसंबतो. जाताना नीट पोचतो. येताना तीच वळणं उलटी घ्यायची असतात, तिथे अडखळतो. पन्नास वर्षं पायाखाली असलेली वाट मात्र बहुधा शाबूत राहते. म्हणूनच चाळीत अंधारातही बिनचूक वावरणाऱ्या आजी टॉवरमध्ये लिफ्टबाहेर पडताच गोंधळतात. प्रत्येक मजला सारखा, दारं सारखी, भिंतींचा रंगही तोच. खूण धरावी असं काहीच नाही. अशा वेळी ‘आता त्यांच्या काही लक्षात राहत नाही’ म्हणत त्यांना घरात बसवणं हा अन्याय आहे. चालणं आणि चार माणसांत मिसळणं तुटलं की प्रकृतीही खालावते. (वर्षानुवर्षांच्या वाटेवरच कोणी चुकू लागलं, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांकडे जायलाच हवं.)

उपाय खर्चिक नाहीत. मजल्यागणिक वेगळा रंग, लिफ्टचं दार उघडताच समोर मोठा, ठळक आकडा, दारावर ज्याची त्याची खूण. आवारातलं जुनं झाड, छोटं देऊळ शक्य तिथे राखावं. घरच्यांनी पहिले काही आठवडे सोबत चालावं, पण हात धरून ओढत नेऊ नये. वडीलधाऱ्यांना पुढे चालू द्यावं, दूधकेंद्रापर्यंत आणि तिथून परतही. शिकणं म्हातारपणी थांबत नाही, फेऱ्या जास्त लागतात. ज्या सोसायट्यांचे करार अजून व्हायचे आहेत, त्यांनी रंगांचं आणि आकड्यांचं कलम आत्ताच घालून घ्यावं, आणि ते ठरवताना इमारतीतल्या सगळ्यांत वयस्क रहिवाशांना आधी विचारावं.