सगळ्यांचंच प्रेशर १३०/८०

आक्का दर महिन्याला आमच्या आरोग्य केंद्रात न चुकता यायच्या. वाडीवरून दीड तासाची पायपीट, हातात पिशवी, पिशवीत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. बीपीच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे सलग चार महिने १३०/८० लिहिलेलं. पाचव्या महिन्यात त्या डोकं धरूनच माझ्यासमोर आल्या. मी त्यांना पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून शांत बसवलं, पोलक्याची बाही वर सरकवली आणि स्वतः मोजलं. १७२/१०४. थोडं थांबून पुन्हा मोजलं, जवळपास तेवढंच.

मग रजिस्टरची मागची पानं उलटली. ओळीने १३०/८०, अधूनमधून १३८/८८. सिस्टरना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मॅडम, ओपीडी एकशे ऐंशीची होती. त्यात पोर्टलची एंट्री संध्याकाळपर्यंत झाली नाही तर व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आपल्या केंद्राचं नाव घेतात." चार तासांत १८० रुग्ण, म्हणजे माणशी दीड मिनिटही नाही. मी त्यांना काय बोलणार? त्याच तिमाहीच्या आढावा बैठकीत आमचं केंद्र उद्दिष्ट गाठलेल्यांच्या हिरव्या रंगात होतं आणि कौतुक मी ऐकून घेतलं होतं.

५ मिलिग्रॅम ॲम्लोडिपिनवर दाब उतरला नाही तर डोस वाढवायचा किंवा टेल्मिसार्टन जोडायची, एवढं साधं असतं ते. पण चार महिने आक्कांची गोळी वाढली नाही, कारण कागदावर त्या बऱ्या होत्या.

उद्दिष्टंच नकोत, असं मी कधीच म्हणणार नाही. २०१७ साली इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले जिल्हे सुरुवातीपासून होते. त्याआधी आम्ही गोळ्या द्यायचो आणि माणूस विसरून जायचो. कोण परत आलं नाही, आलेल्यांपैकी किती जणांचं प्रेशर १४०/९० च्या खाली आलं, हे विचारायची सवय त्या कामाने लावली. हा प्रश्न मोलाचा आहे. पण त्याचं उत्तर चांगलंच आलं पाहिजे, अशी सक्ती झाली की मोजणारा हात बिचकतो.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये जीपी डॉक्टरची वेळ ४८ तासांत मिळालीच पाहिजे, असं लक्ष्य होतं. ते गाठायला कित्येक दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ देणंच बंद केलं! २००५ च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात एका बाईंनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना ते कळलं. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट १९९६ साली केंद्र सरकारने काढलं. त्याआधीचा, टार्गेट पुरं करायचा मार्च महिना मी नोकरीत पाहिला आहे. समोरच्या बाईचं दुखणं ऐकताना मनात 'केस होईल का' हेच चालू असायचं. त्याची मला आजही खंत वाटते.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. बैठकीत लाल रंगात आलेल्या केंद्राला खुलासा मागण्याआधी विचारा: मशीन चालू आहे का, सिस्टर किती आहेत, गोळ्या महिनाभर पुरल्या का. आणि दर महिन्याला दहा रुग्णांचं प्रेशर शेजारच्या केंद्रातल्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या, कुणाला पकडण्यासाठी नव्हे, आकड्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून.

आम्ही व्हरांड्यात एक बाक टाकला, वर पंखा लावला. पाच मिनिटं तिथे बसल्याशिवाय कुणाचं मोजायचं नाही, एंट्री राहिली तर राहू दे, असं सिस्टरना सांगितलं. पुढच्या तिमाहीत आमचा आकडा धाडकन पडला. लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दिला. त्याच तिमाहीत आक्कांचं प्रेशर १३६/८४ आलं. सिस्टरनी ते दोनदा मोजलं होतं.