विश्लेषण : हिरवीगार पालेभाजी सुरक्षित असतेच का?
गोरेगावसह मुंबईच्या उपनगरांत रेल्वेरुळांलगत पालक, माठ, भेंडीचे मळे वर्षानुवर्षे दिसत आले आहेत.

पानांचा रंग का बदलतो?
धुळीचा थर सूर्यप्रकाश अडवतो, पानांची सूक्ष्म छिद्रे बुजवतो. ओझोन, सल्फर डायऑक्साइड हे वायू हरितद्रव्याची हानी करतात. सांडपाण्यातून कॅडमियमसारखे धातू आले, तर लोहाच्या शोषणात अडथळा येऊन पाने पिवळी पडतात. लाल माठात मात्र ताणामुळे लाल रंगद्रव्य वाढूही शकते.

मग रंगावरून भाजी पारखावी का?
नाही. सांडपाण्यातील नत्रामुळे दूषित भाजीही गर्द हिरवी दिसू शकते. धुतल्याने धूळ जाते. मुळांतून शिरलेले धातू जात नाहीत. म्हणून भाजी कोणत्या पाण्यावर पिकली, हा प्रश्न महत्त्वाचा. खात्री प्रयोगशाळेतील तपासणीनेच पटते.